येतो म्हणून जाणारा माणूस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे ‘वरखाली’ म्हणत. धंद्यावरून पडलेलं नाव वाटेल, पण खरं कारण त्याच्या जिभेत होतं. ‘जाणे’ हे क्रियापद त्यानं आपल्यापुरतं हद्दपार केलं होतं. आठव्या मजल्यावर शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराला तो सांगायचा, “लिफ्ट खाली आली बघ.”

“खाली गेली म्हण की. आपण वर आहोत.”

“गप रे. आली म्हणजे आली.”

याला कारण होतं. उमेदवारीच्या दिवसांत त्याचे उस्ताद एका सकाळी घरात भांडून, “जातो मी,” म्हणून तडक कामावर आले आणि दुपारी लिफ्टच्या भोकात, लिफ्टला तोलणाऱ्या वजनाच्या ठोकळ्याखाली सापडले. दोर जुना होता, हे वरखालीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या दिवसापासून तो शब्द त्याच्या घशाखालून वर आला नाही. पुढे लग्न झालं, तर बायको त्याच्याही वरताण निघाली. नवरा भोकात उतरून पोट भरणारा, त्यामुळे तो “येतो” म्हटल्याखेरीज ती दाराची कडी काढत नसे.

मुलगी झाली ती पायाला चाकं लावूनच. कुठे म्हणून बसायची नाही, म्हणून नातेवाइकांनी तिला भिंगरी नाव दिलं. पण ती हाकेला वळेना, नजरेला नजर देईना, आणि पंख्याच्या पात्यांकडे मात्र तास तास बघत राही. “डोकं खाऊ नकोस,” असं आई एकदा वैतागून म्हणाली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मी बिस्किट खाते आहे.” घरात हसून हसून पुरेवाट झाली. ती का हसत नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पाचव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासून सांगितलं, ऑटिझम आहे आणि जोडीला एडीएचडी. वरखालीनं सवयीनं विचारलं, “दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?”

“बिघाड असता तर सांगितलं असतं,” बाई म्हणाल्या. “तिचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं. लक्ष टिकावं म्हणून जरा मोठी झाली की औषध देऊन बघू. बोलण्या-समजण्यासाठी थेरपी सुरू करू. आणि थोडं तुम्हालाही बदलावं लागेल.”

शेवटचं वाक्य त्याला झोंबलं. पोरीला आणलंय दाखवायला आणि बदलायचं आपण, असं तो जिना उतरेपर्यंत पुटपुटत होता.

खरा प्रश्न सकाळचा होता. बाप कामावर निघाला की भिंगरी दाराशी उभी राही आणि काही वेळानं किंचाळायला लागे. हलवायला जावं तर लाथा, ओढावं तर स्वतःच्याच हाताला चावे. शाळेची वेळ टळून जाई. बायकोनं छापखान्यातली नोकरी सोडली, तरी फरक पडेना. शाळेनं शेवटी स्पष्टच सांगितलं, की हे असंच राहिलं तर या सत्रानंतर मुलीला ठेवून घेणं जमणार नाही. दुसरी शाळा तिला घेईल, याची कुणालाच खात्री नव्हती.

थेरपीवाल्या बाईंच्या खोलीत जाड गादी, छताला टांगलेला झोपाळा आणि भिंतीवर चित्रांची कार्डं होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वरखालीला म्हणाल्या, “सकाळी निघताना जे करता, तेच आत्ता करून दाखवा. एक शब्दही बदलू नका.”

तो ओशाळला. पण उठला, चपला घातल्या, “येतो हं बाळा,” म्हणाला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. भिंगरी झोपाळ्यावरून उतरली, दाराशी गेली, कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग पुढे-मागे डुलू लागली. बाईंनी त्याला लगेच आत बोलावलं, आणि ती डुलायची थांबली.

“तुम्ही येतो म्हणता आणि जाता,” बाई म्हणाल्या.

“अहो, सगळेच म्हणतात!”

“सगळ्यांना ते कळतं. ती मात्र तुम्ही म्हटलंत तेवढंच धरते. म्हणून दार उघडायला उभी राहते.”

वरखाली खाली बसला. इतके दिवस पोर हट्ट करते म्हणून तो चिडत होता, आणि ती बिचारी त्याच्या शब्दावर विसंबून उभी होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मग काय म्हणू?”

“जातो म्हणा. कधी येणार तेही सांगा, पण पाळाल असंच.”

बायकोनं तिथल्या तिथे नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यानं पळवाट काढली. “निघतो,” म्हणाला. भिंगरीनं त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. “बटण निघतं,” ती म्हणाली. “बाबा निघत नाही.” मग एकदा तो काही न बोलता सटकला, तर तिनं दिवसभर कपाटांत, पलंगाखाली, पिंपामागे त्याला शोधलं आणि रात्री झोपली नाही.

सत्र संपत आलं होतं. एका सकाळी चपला घालून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. बायकोचा हात त्याच्या तोंडावर ठेवण्यासाठी उचलला गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

“जातो,” तो म्हणाला. “रस्त्यावरचे दिवे लागले की येतो.”

भिंगरीनं क्षणभर विचार केला. “जा,” म्हणाली, आणि बूट शोधायला आत गेली.

त्या दिवशी त्यानं प्रत्येक दोर पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. काय झालं म्हणून जोडीदार विचारून विचारून थकला. संध्याकाळी तो लवकर परतला, पण वर गेला नाही. दिवे लागायचे होते. खांबाखाली वर बघत उभा राहिला आणि उजेड पडताच जिना धावत चढला.

पुढे सगळं सुरळीत झालं, असं मुळीच नाही. औषधानं भूक मेली, प्रमाण कमी करावं लागलं. केस कापणं हे कायमच युद्ध राहिलं. शाळेत मदतीला एक बाई मिळाल्या, त्या सोडून गेल्यावर वर्ष फुकट गेलं. पण दारातलं किंचाळणं हळूहळू थांबलं, आणि शाळा टिकली.

भिंगरी वीस वर्षांची झाली तेव्हा पुस्तकं बांधायच्या एका कारखान्यात तिला काम मिळालं. आधी आई बसनं बरोबर जात होती. मग एका सोमवारी भिंगरी एकटी निघाली. तिनं डबा घेतला, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले. आईच्या तोंडून सवयीनं निसटलं, “येते म्हण गं.”

“मी जाते आहे,” भिंगरी म्हणाली. मग बापाकडे वळली. “जाते. दिवे लागले की येते.”

“जा,” वरखाली म्हणाला. हा शब्द कुणाला उद्देशून तो उस्ताद गेल्यापासून पहिल्यांदाच बोलला होता.

ती जिना उतरली. त्यानं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. बायकोनं चहा टाकला, हाका मारल्या, चहा निवून गेला.

“आत या आता,” ती म्हणाली. “दिवे लागायला अजून अख्खा दिवस पडलाय.”

“हो, आलोच,” तो म्हणाला, आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.