मार्थाबाईंच्या पेपरातला सातवा प्रश्न

मार्थाबाई गेल्याची बातमी सीताबर्डीच्या कापडदुकानदाराने आणली. बाई त्याच्याच दुकानाच्या वर राहायच्या. हा गृहस्थ आयुष्यात गादीवरून दोनदाच उठला असं म्हणतात... एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा दुकानात बैल शिरला तेव्हा. तो भर दुपारी स्कूटर काढून आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजलो की जगात काहीतरी बिघडलं आहे. म्हणाला, "दिगंबरभाऊ, बाई गेल्या. झोपेतच गेल्या. सकाळी वरून आवाज नाही आला, मी तवाच नोकराले म्हटलं, शटर खाली घे." माझी बायको कुंदा कणकेचे हात तसेच घेऊन उंबरठ्यावर बसली. माझी आई ऐंशीच्या पुढची, कानाने अधू; पण तिला काय झालं ते बरोबर समजलं. तिने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "आता माही परीक्षा कोन घेईन वं?" याला महिना झाला. त्या वाक्याचा अर्थ सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मार्थाबाई मुलींच्या एका शाळेत हेडमास्तरीण होत्या. त्यांचा आवाज असा की त्यांनी वर्गात "बस!" म्हटलं तर व्हरायटी चौकातले सायकलरिक्षे थांबायचे, आणि खडू फेकून मारला तर खिडकीबाहेरच्या कावळ्याच्या डोक्यावर बसायचा. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण कावळा पाहिला आहे. रिटायर झाल्यावर बाई कंटाळल्या. ओरडायला मुली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी मुलींचे नवरे धरले. जुन्या विद्यार्थिनी संसाराची रडगाणी घेऊन येतच होत्या. बाईंनी खोलीबाहेर पाटीच लावली : 'संसार-सल्ला. वेळ दुपारी चार ते सहा. ओरडायचे असल्यास खाली रस्त्यावर ओरडून मग वर यावे.' फी नाही. शाळेच्या लिलावात त्यांनी पहिलीच्या पोरींचा एक बाक घेतला होता, वीतभर उंचीचा. नवरा-बायकोला त्यावरच बसावं लागे. धडधाकट माणसं तिथं बसली की गुडघे थेट कानाला लागत. बाई म्हणायच्या, गुडघे कानाला लागलेल्या माणसाला तावातावाने भांडता येत नाही, शास्त्रीय गोष्ट आहे.

एक जोडपं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतं, पोपटामार्फत निरोप द्यायचं. पुढे पुढे पोपट निरोपात स्वतःची मतं घालायला लागला, तेव्हा दोघं त्याची तक्रार घेऊन एकत्र बाईंकडे आले आणि तिथेच त्यांचं जमलं. मराठी बायकोचा बंगाली नवरा, जैनाच्या घरात आलेली मटणवाली सून, शिखाची महाराष्ट्रीण... साऱ्या नागपुराचं पाणी त्या बाकावरून वाहून गेलं. बाई स्वतः ख्रिस्ती, लग्न न केलेल्या. मी एकदा आगाऊपणा केला, "बाई, तुम्ही तर लग्नच नाही केलं, मग तुम्हाला कसं समजते?" बाई म्हणाल्या, "डॉक्टरला गालगुंड झालंच पाहिजे का रे?" त्यांच्याकडे शाळेचाच एक हजेरीपट होता, त्यात या सगळ्या जोडप्यांची नावं. रविवारी तो पट घेऊन त्या चर्चमध्ये जात आणि मनातल्या मनात एकेकाची हजेरी घेत. हीच त्यांची प्रार्थना. "मी देवाकडे काही मागत नाही," म्हणायच्या, "फक्त तुम्ही अजून वर्गात आहात एवढं कळवते."

आता आमची कथा. मी कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी. वडील गेल्यावर आई माझ्याजवळ नागपूरलाच राहायला आलेली. कुंदा दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरातली, कापड गिरणीतून रिटायर झालेल्या माणसाची मुलगी. आम्ही दोघांनी आपल्या मनाने, रजिस्टर पद्धतीने लग्न केलं. त्या लग्नाचा मला इतका अभिमान होता की कंपनीच्या बसमध्ये मी रोज समतेवर भाषण द्यायचो. ड्रायव्हर बिचारा माझ्यामुळे बस जोरात चालवायचा. आईने सून पत्करली, पण एक अट घातली : "नवऱ्याचं नाव नाही घ्यायचं. आमच्यात घेत नाही." लग्नाआधी कुंदा मला अख्ख्या कॉलेजसमोर "ए दिगंबर!" म्हणून हाक मारायची. घरात आल्यावर तिने ते बंद केलं. "ओ, आयकता काय" सुरू झालं. मला वाटलं, वा, किती सहज मिसळली!

मग मुलगी झाली, आणि बारशाचं निघालं. आईला नाव हवं होतं रेणुका, कुलदेवीचं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, हवं होतं विशाखा. बुद्धाच्या काळातल्या मोठ्या उपासिकेचं. आईने विचारलं, रविवारी पाळणा करू? मी म्हटलं, कर. मामाजींनी विचारलं, रविवारी वंदना ठेवू? मी म्हटलं, ठेवा. आमच्या घरी कोणताच भेद नाही, मग कोणालाच नाही कशाला म्हणायचं? त्या रविवारी आमच्या घरी पाळणा सजवून कळमेश्वरचे चाळीस पाहुणे बसलेले, मामाजींच्या वस्तीत पांढऱ्या कपड्यांत साठ लोक बसलेले, आणि पोट्टी एकच. मी टॅक्सी घेऊन सासरी गेलो आणि म्हटलं, "अर्धा तास द्या, लगेच वापस आणतो." जशी काही पोट्टी नाही, सतरंजी होती! कुंदा बाळंतपणापासून तिथेच होती. ती दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दोघायले हो म्हणून आला, मले एकदा तरी विचारलं काय? मी आता येत नाही. तू जाय."

ती खरंच आली नाही. चार महिने झाले. पोट्टी बिननावाची पालथी पडायला लागली, हे मला शेजाऱ्याकडून समजलं. आई चूल पेटवून नुसती बघत बसायची. बसमधलं भाषण बंद पडलं, ड्रायव्हरने कारण विचारलं नाही. आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं : 'कुंदा माझी विद्यार्थिनी. गुरुवारी चार वाजता यावे. शाई भरलेला पेन आणावा.' खाली सही, मार्था. पेन! म्हणजे सोडचिठ्ठीवर सही. मी ते कार्ड इतक्या वेळा वाचलं की शाई माझ्या बोटांना लागली. गुरुवारी मी नवा शर्ट घालून गेलो, कारण घरातून बाहेर फेकला जाणारा माणूस तरी नीट दिसावा.

कुंदा बाकाच्या एका टोकाला आधीच बसलेली. तिने मान वर केली नाही. मी दुसऱ्या टोकाला गुडघे कानाला लावून बसलो आणि म्हटलं, "कुठं सही करायची, बाई?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सही कसली? पेपर सोडवायचा आहे. दहा प्रश्न, एक तास. शेजारच्याच्या वहीत बघायचं नाही." मला कुंदाच्या घरचा पेपर, कुंदाला माझ्या घरचा.

पहिला प्रश्न : बायकोच्या माहेरी दिवा कोण लावतं आणि कशापुढे? मी लिहिलं, 'बहुतेक सासूबाई. मेणबत्ती. लाइट गेल्यावर.' दुसरा : वंदनेची पहिली ओळ लिहा. मी शाळेतली प्रार्थना लिहिली, तीही चुकवली. तिसरा : त्यांच्या घरी माणूस गेल्यावर काय करतात? मी लिहिलं, 'दुःख.' असं करत सातव्यावर आलो. बायको घाबरली की कोणाचं नाव घेते? हा प्रश्न मला सोपा वाटला. मी ठणकावून लिहिलं, 'माझी बायको घाबरत नाही. तिलाच लोक घाबरतात.' कुंदा शेजारी पुरवणी मागत होती.

निकाल तिथेच. कुंदाला शंभरात ब्याण्णव, आठ मार्क अक्षराचे कापले. आईचे सगळे उपास, कोणत्या उपासाला काय चालतं, कुलदेवीला कोणत्या दिवशी कशाचा नैवेद्य, बाबा कोणत्या तिथीला गेले... त्यातली एक तिथी तर मलाही माहीत नव्हती. मला शंभरात अकरा. मी म्हटलं, "बाई, असं आहे, आमच्या घरी आम्ही भेद मानत नाही..."

बाई उठल्या. त्यांची शुद्ध मराठी सुटली की समजायचं, आता खडू येणार. "भेद मानत नाही म्हणून काही विचारतही नाहीस काय बे? दोन वर्षांत हे पोट्टी तुह्या घरचं सारं शिकली, कारण न शिकून सांगते कोणाले! सून आहे ना! अन् तू तिच्या घरचा चहा पेऊन आला फक्त!" मी खाली पाहिलं. खाली माझेच गुडघे होते. मग पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाल्या, "नापास. दर रविवारी सासरी जाऊन शिकायचं. फेरपरीक्षा दोन महिन्यांनी. तोपर्यंत कुंदा तुझ्या घरी येणार नाही." म्हणजे माझी बायको आणि पोर दोघंही आता माझ्या पासिंगवर होती.

मी रविवारी मामाजींच्या वस्तीत जायला लागलो. मामाजी स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर, मी सतरंजीवर, आणि माझं पालीचं उच्चारण ऐकायला अर्धी वस्ती खिडकीत. माझ्या तोंडून वंदना अशी निघायची की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. मामाजी हसायचे नाहीत. "पुन्हा म्हणा," एवढंच. एका रविवारी मी धीर करून सासूबाईंना विचारलं, या भिंतीतल्या देवळीत मेणबत्ती काहून लावता? दोन वर्षं मी त्याच देवळीखाली बसून चहा प्यायलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "दीक्षा घेऊन आलो अन् मी देव काढले बापा, याच हातानं. मंग ते रिकामी देवळी पाहून लय भेव वाटला. सासू म्हणे, घराले काही झालं तर तुह्या माथी. मी देवळी धुतली, सारवली अन् मेणबत्ती लावली. काही नाही झालं. तवापासून लावून राहिली." तेव्हा सासूबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. मी बसमध्ये समतेवर दोन वर्षं भाषणं दिली होती... आणि सगळं भाषण या देवळीत, माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर होतं.

फेरपरीक्षेत मला बावन्न पडले. पण बाई तेवढ्यावर थांबतात कुठे? त्यांनी आई आणि मामाजी दोघांनाही त्याच बाकावर बसवलं. आईला लिहिता येत नव्हतं म्हणून तोंडी परीक्षा. मामाजींनी सांगायचं विशाखा कोण, आईने सांगायचं रेणुका कोण, आणि मग प्रश्न समोरच्याच्या बाजूचे. मामाजींनी विशाखेची कथा सांगितली : श्रीमंत घरची सून, भिक्षूंना जेवू घालणारी, सासऱ्याशी वाद झाला तर पंचांसमोर स्वतःची बाजू मांडून निर्दोष सुटली, शेवटी सासऱ्यानेच तिला आई म्हटलं. माझी आई एकदम सरळ बसली. बाकावर ते शक्य नव्हतं, पण बसली. "सासऱ्यानं सुनेले माय म्हटलं?"

"म्हटलं."

"साऱ्या गावासमोर?"

"सगळ्यांसमोर."

माझी आजी, म्हणजे आईची सासू, तिला काय काय म्हणायची ते आईला आठवत असणार. "मंग ठेवा विशाखा," ती म्हणाली, "मले चालते हे नाव. पण पाळणा मी म्हणीन अन् घुगऱ्या माह्या हातच्या." मामाजी म्हणाले, "मी देवीले हात नाही जोडणार." आई म्हणाली, "तुमाले कोन म्हणते? पाळण्याची दोरी ओढा, हात तसाही गुतते." बारशाला आधी वंदना झाली, माझा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत चुकीचा. मग आईने पाळणा म्हटला आणि मामाजींनी दोरी ओढली. घुगऱ्यांचा द्रोण तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "द्या, चण्याले कोणता आला धर्म!" सात महिन्यांची विशाखा पाळण्यात मावत नव्हती. ती बसून सगळा कार्यक्रम बघत होती, बहुधा तीही मार्क देत होती.

विशाखा आता सातवीत आहे. बाईंकडे आम्ही दर दिवाळीला आणि नाताळला जायचो. दर वेळी मी विचारायचो, "बाई, माझ्या पेपरातला सातवा प्रश्न तपासला नाही तुम्ही." कारण त्यावर बरोबरची खूण नव्हती आणि चूकचीही नव्हती, लाल शाईत फक्त 'निकाल राखून' असं लिहिलेलं. बाई म्हणायच्या, "निकाल लागेल. घाई काय?" गेल्या नाताळातही हेच म्हणाल्या. केकचा मोठा तुकडा मला दिला आणि कुंदाकडे बघून हसल्या. कुंदा खिडकीबाहेर बघायला लागली.

मागच्या आठवड्यात तोच दुकानदार दुसऱ्यांदा गादी सोडून आला. बाईंच्या ट्रंकेतून सगळ्या जोडप्यांचे पेपर निघाले होते, नावाप्रमाणे गठ्ठे बांधून. बाक आम्हाला द्यायचा असं लिहून ठेवलं होतं, म्हणून तोही टेम्पोत घालून आणला. आता तो बाक आमच्या पुढच्या खोलीत आहे. मी त्यावर बसलो, गुडघे जुन्या जागी गेले, आणि गठ्ठा सोडला. माझा पेपर वर होता, अकरावाला. खाली कुंदाचा. तो मी कधीच पाहिला नव्हता. तिच्या पेपरातला सातवा प्रश्न थोडा वेगळा होता : तुम्ही स्वतः घाबरता तेव्हा कोणाचं नाव घेता?

कुंदाचं अक्षर तेव्हाही वाईटच होतं. तिने लिहिलं होतं, 'पालीला घाबरते. दिगंबरचं घेते, पण मनात, कारण घरात नाव घेत नाहीत. आणि तो नेमका घरी नसते.'

यालाही बाईंनी पूर्ण मार्क दिले होते.

मग तो पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कुंदाने पाहिला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तेरा वर्षांनी निकाल लागला काय तुमचा?" मी म्हटलं, "नाव घेत जाय ना वं." ती म्हणाली, "आता सवय नाही राहिली." आणि भाजी ढवळायला लागली.

काल संध्याकाळी मी बाकावर बसून हाच लेख लिहीत होतो. आई दाराजवळ वाती वळत होती. स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं आणि साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी हाक आली :

"दिगंबर!"

आईचा हात थांबला. कानाने अधू, पण तिला हे बरोबर ऐकू आलं. "अवं, नवऱ्याचं नाव घेते काय?" तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् तू काय बसून राहिला बे दिग्या? बोलावून राहिली ना ते!"

मी उठलो. त्या बाकावरून उठायला वेळ लागतो, म्हणून आधी ओरडलो, "हजर!"