संगमरवरी पेशंट

किस्से शोधत हिंडावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा निवृत्त डॉक्टरांना घेऊन म्युझियममध्ये जावं. आम्ही गेली तीन वर्षं महिन्यातल्या एका गुरुवारी जातोय, आणि माझ्याकडे आता इतके किस्से साठलेत की कुठला कुणाला सांगितला तेही आठवत नाही. काही तुम्ही आधी ऐकले असतील. परत ऐका!

आम्ही चौघं, सगळे लंडनच्या पिनर उपनगरातले आणि आसपासचे. हाडांचे सर्जन परांजपे, म्हणजे आमचे नुसते 'डॉक्टर'. त्यांच्या पत्नी सुलभाताई. गायनॅकॉलॉजिस्ट विजयाताई. आणि मी, फार्मसिस्ट. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावण्यात गेल्यामुळे ग्रीक शिलालेखांना न घाबरणारी मी एकटीच.

गुरुवारची टूम सुलभाताईंची. त्या मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून चित्रकला शिकल्या आणि पुढे इकडच्या शाळेत ती शिकवली. तीन वर्षांपूर्वी कळलं की त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत जातं. हॉस्पिटलमधून परत येताना ट्रेनमध्येच त्या म्हणाल्या, "मला सगळे पुतळे बघून घ्यायचेत. लवकर." डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं चालू होतायत ना? मग घाई कशाला?" आणि पुढच्याच गुरुवारी स्वतः डबा घेऊन सगळ्यांच्या आधी स्टेशनवर हजर!

*

जे नीट दिसत नाही ते सुलभाताईंना सांगायचं काम डॉक्टरांकडे आलं. पहिल्याच पुतळ्यासमोर त्यांनी घसा साफ केला.

"मेल. तिशीतला. वेल नरिश्ड. दोन्ही हात कोपराच्या वर अँप्युटेटेड. डोकं अव्हेलेबल नाही."

"अहो, मला पुतळा सांगा! केसपेपर नको!"

पण सवय जाते थोडीच? एकदा सुलभाताई टॉयलेटला गेल्या होत्या आणि हे एका ग्रीक तरुणासमोर उभे राहून विजयाताईंना इंग्लिशमध्ये समजावत होते. सगळं वजन एका पायावर, त्यामुळे कंबर कशी कलते, खांदा उलट बाजूला कसा उतरतो, गुडघा कुठे सैल सुटतो. बघता बघता दहा-बाराजण जमले. डॉक्टरांना राउंड घेतल्यासारखं वाटलं असणार, कारण ते जमावासकट पुढच्या दोन पुतळ्यांवरही गेले. शेवटी एका आजींनी भारावून विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षं काम करता?"

"मी इथे काम नाही करत," डॉक्टर म्हणाले. "बायको टॉयलेटला गेलीय. तिची वाट बघतोय."

*

एका दालनात एक एट्रस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या इटलीतली, बाई आपल्याच शवपेटीच्या झाकणावर उशीला टेकून बसलीय. भाजलेल्या मातीची, रंगवलेली, गळ्यात, हातात भरपूर दागिने. पेटीत तिची हाडंही सापडली होती, आणि शेजारच्या पाटीवर त्यांच्या तपासणीचा निष्कर्ष दिला होता. मग काय, डॉक्टरांची दिवाळीच!

"हे बघा! हाडं सांगतायत पन्नाशी, कंबर कामातून गेलेली. आणि हा पुतळा? पंचविशीचा! चक्क फसवणूक आहे."

"फसवणूक कसली?" विजयाताई उसळल्या. "स्वतःच्या थडग्यावर कोण बाई खरं वय दाखवेल? आणि कंबर धरून बसलेली दाखवायची होती का हिला?"

सुलभाताई मान तिरकी करून बघत होत्या. हल्ली त्यांना समोरचं बघायचं तर त्याच्या बाजूला बघावं लागतं. "हातात काय आहे तिच्या?"

"आरसा," डॉक्टर म्हणाले. "डाव्या हातात."

"मग उजव्या हातानं पदर सावरत असेल."

आम्ही तिघांनीही वर बघितलं. खरंच सावरत होती. आम्ही वीस मिनिटं तिथे उभे होतो आणि एकाही दिसणाऱ्या माणसाला ते दिसलं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला डॉक्टरांच्या लेक्चरशिवाय शांतपणे जेवता आलं.

*

केंब्रिजला एका मोठ्या हॉलमध्ये ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती भरून ठेवल्यात. परांजप्यांची मुलगी केतकी तिथेच नोकरी करते, तिनं नेलं. आत शिरताच सुलभाताई माहेरी आल्यासारख्या सुटल्या. "हा आमच्याकडे होता! हाही होता! ह्याच्या नाकावर केवढी धूळ असायची!"

मग एका खेळाडूपाशी थांबल्या आणि चक्क खाली वाकून त्याच्या पायाशी गेल्या.

"आई, हात नाही लावायचा ना," केतकी तिच्या इकडच्या मराठीत कुजबुजली. "सगळे लोक बघतो."

"ह्याचा अंगठा चुकलाय," सुलभाताईंनी जाहीर केलं.

तिथला स्वयंसेवक धावत आला. काही मोडलंय का? मोडलेलं काहीच नव्हतं, हीच तक्रार होती! मुंबईच्या प्रतीचा डाव्या पायाचा अंगठा तुटलेला होता. परीक्षेत सुलभाताईंनी पाय तसाच काढला आणि त्यांचा पहिला नंबर आला. आता पन्नास वर्षांनी हा माणूस पाचही बोटं घेऊन समोर उभा!

स्वयंसेवकानं अदबीनं सांगितलं, की रोममधल्या मूळ पुतळ्यालाही अंगठा आहे.

"मग तोही चुकलाय," सुलभाताई म्हणाल्या. "मला पहिलं बक्षीस मिळालंय."

*

एकदा एका रोमन घराचे अवशेष बघायला गेलो. खाली पोकळ जमीन, त्यातून गरम हवा फिरायची, वरची फरशी उबदार राहायची. म्हणजे सेंट्रल हीटिंगच! आम्ही सगळे पिनरच्या बंद पडणाऱ्या बॉयलरांनी आणि बोलावलं तरी आठवडाभर न येणाऱ्या मेकॅनिकांनी पोळलेले. खरं तर गारठलेले. त्यामुळे तो भाग आम्ही देवदर्शनाच्या भावनेनं बघितला.

डॉक्टरांनी गाइडबाईंना विचारलं, "आणि ह्याचं सर्व्हिसिंग कोण करायचं?"

"गुलाम," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

"त्याच दिवशी यायचे?"

बाईंनी डॉक्टरांकडे असं बघितलं, की उरलेली टूर आम्ही चौघांनी सगळ्यांत मागे उभं राहून केली.

*

मग एका म्युझियमनं पत्रक काढलं. दृष्टी अधू असलेल्यांसाठी खास सत्र, निवडक रोमन मुखवट्यांना आणि डोक्यांना हात लावून बघता येईल. मी फॉर्म आणला. डॉक्टर म्हणाले, "हा आपल्यासाठी नाही. हिची ट्रीटमेंट चालू आहे."

मला त्यांचा मनापासून राग आला. सगळं आयुष्य लोकांना एक्स-रे दाखवून खरं सांगितलं, आणि आता घरच्या रिपोर्टवर 'दृष्टी अधू'च्या चौकोनात टिक करवेना! सुलभाताईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चौकोन चुकवला, त्याच्या बाजूच्या कोऱ्या जागेत भली मोठी टिक केली आणि म्हणाल्या, "झालं. आता बघू या."

सत्रात त्यांच्या पुढ्यात एका रोमन म्हाताऱ्याचं डोकं आलं. त्या बोटांनी सावकाश चाचपत गेल्या. कपाळावर तीन खोल आठ्या, घट्ट मिटलेले ओठ, पुढे आलेली हनुवटी. गाइडनं सांगितलं, की हा गृहस्थ कोण ते संशोधकांना आजवर कळलेलं नाही.

"मला कळलंय," सुलभाताई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्याचा चहा करतेय."

आम्ही हसलो. डॉक्टरही हसले, पण त्यांनी चष्मा काढून फार वेळ पुसला.

*

आता मागच्या गुरुवारचं सांगते.

त्या एट्रस्कन बाईच्याच म्युझियममध्ये एक छोटं कपाट आहे. त्यात मातीचे पाय, हात, कान, गर्भाशयं आणि डोळ्यांच्या जोड्या ठेवल्यात. लोक बरं वाटावं म्हणून, किंवा वाटलं म्हणून, देवळात वाहायचे. आपल्याकडे वाहतात तसंच. विजयाताईंनी मागच्या वेळी तिथे एका गर्भाशयाचं मनापासून कौतुक केलं होतं. डॉक्टर मात्र म्हणाले होते, "अडीच हजार वर्षं झाली, माणूस काही सुधारला नाही." त्यांच्याकडून ह्याहून वेगळं काय ऐकणार? त्यांनी घरात देव्हारा ठेवू दिलेला नाही. सुलभाताईंचा गणपती स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागे राहतो.

ह्या वेळी आम्ही कपाटापाशी पोचतो न पोचतो तोच तिथला गार्ड हातात प्लास्टिकची पिशवी आणि एक फॉर्म घेऊन आला. तो आम्हाला आता चेहऱ्यानं ओळखतो.

"मागच्या महिन्यात तुम्ही गेल्यावर हे कपाटाच्या वर सापडलं," तो म्हणाला. "म्युझियमचं नाही. तुमच्यापैकी कुणाचं आहे का?"

पिशवीत चांदीचे डोळे होते. पातळ पत्र्याचे, दोन, देवीला वाहतात तसे. नवे कोरे.

विजयाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी विजयाताईंकडे. सुलभाताई मागे बाकावर बसल्या होत्या. मग आम्ही दोघींनी डॉक्टरांकडे बघितलं. जानेवारीत ते एकटेच पुण्याला जाऊन आले होते.

"माझं आहे," डॉक्टर म्हणाले.

गार्डनं सुटकेचा निःश्वास सोडून फॉर्म पुढे केला. "मग इथे सही करा. लॉस्ट प्रॉपर्टी."

"मी हरवलेलं नाही."

"विसरून राहिलं?"

"नाही."

गार्डचं पेन हवेतच राहिलं. "म्हणजे तुम्ही ते दिलंय? कुणाला?"

डॉक्टरांनी कपाटातल्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, 'देवता अज्ञात'.

"तेच लिहा," डॉक्टर म्हणाले.

गार्ड बिचारा खरंच लिहायला लागला.

"काय हो?" बाकावरून सुलभाताईंनी विचारलं. "काय सापडलं?"

"काही नाही गं. माझ्या कोटाचं बटण."

सुलभाताई उठून आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. गार्डला मराठी कुठून कळणार? त्यानं पिशवीतलं काढून सरळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा एकावरून फिरवला. मग दुसऱ्यावरून.

डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

सुलभाताईंनी ते गार्डला परत दिलं आणि शाळेत बोलायच्या तशा स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "हो, माझ्या नवऱ्याचं बटण आहे. त्यांनी ठेवलं होतं तिथेच राहू दे, प्लीज."