धुवू नका, असं मीच सांगितलं होतं

फुलवंताबाईच्या अंगणात नऊ पांढऱ्या कोंबड्या मरून पडल्या होत्या. दहावी पाण्याच्या भांड्यात चोच खुपसून उभी होती. प्यायची, मान वर करायची, पुन्हा प्यायची. पाय लटपटत होते. चोचीतून पाणी गळत होतं.

"ये बाबू, पाह्य," फुलवंताबाई म्हणाली. "कालपासून पाणीच पिऊन राहिल्या. तुह्या मासोळीनं मारलं."

मी कोंबडीपालन योजनेचा प्रचारक. देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या पाच गावांत पत्रकं वाटतो, भोंग्यावर बोलतो. या कोंबड्या मीच तिच्या गळ्यात घातल्या होत्या. त्यांच्या अंड्यांवर ती पोरीला शाळेत ठेवणार होती.

पत्रकात होतं: कोंबड्यांना वाळल्या मासळीची भुकटी द्या. आमच्याकडे तळ्यातली मासोळी नुसत्या उन्हात वाळवतात. ऑफिसातून पोती आली ती समुद्राकडची, मिठात मुरवलेली. फुलवंताबाई ती धुवायला बसली, तेव्हा मी टोपलं ओढून घेतलं. म्हणालो, धुवू नका, सत्त्व जातं. हे वाक्य पत्रकात नव्हतं. ते माझं; पाचही गावांत मी तेच सांगत फिरलो. पोत्यातला एक मासा जिभेला लावून पाहायचं मात्र मला सुचलं नाही.

मेलेली कोंबडी सायकलला बांधून मी गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती फाडली. तेवढ्यात आमचे साहेब आले.

"रानीखेत लिहून टाका," साहेब म्हणाले. रानीखेत म्हणजे कोंबड्यांची साथ. साथीत कुणाचा दोष नसतो.

"मिठानं मेलीय, साहेब," डॉक्टर म्हणाले.

साहेब हसले. ते कोकणातले. "अहो, आमच्याकडची समुद्रपाखरं जन्मभर खारं पाणी पितात. मासे तर त्यातच राहतात. मिठानं कधी पाखरू मरतं?"

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. "त्या पाखरांच्या डोळ्यांवर मिठाची ग्रंथी असते. गाळणीच समजा. रक्तातलं जादा मीठ ती ओढून घेते आणि चोचीच्या टोकावरून खारट थेंब गळतात. नुकतंच मासिकात वाचलं. समुद्री कासव ते डोळ्यांतून टाकतं, मासे कल्ल्यांतून. कोंबडीकडे काय आहे? नुसती मूत्रपिंडं. एवढं मीठ त्यांना झेपत नाही. मग ती पीत सुटते आणि पाणी अंगात साचतं."

"पण तिच्याही चोचीतून पाणी गळत होतं," मी म्हणालो.

"ते मीठ बाहेर पडत नव्हतं. ती आतल्या आत बुडत होती."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. तरी रानीखेतच लिहा. योजना नवी आहे."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. बाईचं घर बसलं आणि हा माणूस साथ शोधतोय!

"मी लेखी देतो," मी ओरडलो. "मासोळी खारट होती आणि मी ती धुवू दिली नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या!"

डॉक्टरांनी शांतपणे लिहिलं: मीठ.

मी भोंगा घेऊन सुटलो. मासोळी बंद करा, गोडं पाणी थोडं थोडं पाजा. घसा बसला. पण उरलेल्या चारही गावांत कोंबड्या मजेत उकिरडा उकरत होत्या. मला कळेना. एका म्हातारीला विचारलं, "आजी, मासोळी नाही दिली का?"

"देल्ली ना."

"मग?"

"खारी मासोळी कोनी न धुता देते का, बापू? तू सांगून राहिला होता, आमी हो म्हनलं. तू गेला, अन् धुतली."

फुलवंताबाईची दहावी कोंबडी त्याच संध्याकाळी गेली. नव्या कोंबड्या देतो म्हटलं, तर तिनं दाराचा बांबूचा ताटवा लावून घेतला. पाच गावांत माझा शब्द तिनं एकटीनं पाळला होता. तिची पोर यंदा शाळेत नाही.

नोकरी गेली नाही. साहेबांची बदली झाली, बढतीवर. पोतं आलं की आता मी आधी जीभ लावतो. पत्रक मागाहून वाचतो.