मीटिंगमध्ये न सांगितलेली केस

आमच्या मासिक मीटिंगमध्ये माणसं मरत नाहीत. तिथे लसीकरण होतं, बाळंतिणी सुखरूप सुटतात, प्रत्येक आरोग्य केंद्र आपली एक 'सक्सेस स्टोरी' सांगतं, टाळ्या पडतात आणि समोसे येतात. आपल्या हातून पेशंट कसा गेला हे बोलायचं नाही, असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण जो बोलतो त्याच्या हातात लवकरच खुलासा मागणारी नोटीस पडते, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. आणि या मीटिंगचं नाव काय, तर 'अनुभवांची देवाणघेवाण'. डोंबलाची देवाणघेवाण!

मी डहाणूत डॉक्टर आहे. उन्हाळ्यातल्या एका मीटिंगमध्ये तलासरीकडच्या एका केंद्रातल्या सिस्टर उभ्या राहिल्या. माझी पहिली नेमणूक त्यांच्याच केंद्रात होती, म्हणून मी त्यांना चांगली ओळखते. एरवी तोंडभर हसणारी बाई, त्या दिवशी चेहरा पार उतरलेला. म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे एक पेशंट गेला, त्याबद्दल सगळ्यांना सांगायचंय." जिल्ह्याच्या साहेबांनी हात वर केला. "सिस्टर, पॉझिटिव्ह काही असेल तर सांगा." त्या खाली बसल्या.

येताना मी त्यांना माझ्या गाडीत घेतलं. चारोटीला चहाला थांबलो. हायवेचे ट्रक धडधडत जात होते, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं.

ताडीचे दिवस. सकाळीच एका माणसाला त्याच्या बायकोने आणि भावाने धरून आणलं होतं. पोट दुखतंय, उलटी झालीय, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. तोंडाला आदल्या संध्याकाळच्या ताडीचा वास. डॉक्टर शिबिराला गेलेले. सिस्टरांनी नाडी पाहिली, अंगावर कुठे जखम नाही हे पाहिलं, पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्या उशाशी उभं राहून बायकोला म्हणाल्या, "एवढी ढोसायची कशाला? न्या घरी. उतरली की उठेल."

तो उठला नाही. दुपारी घरीच श्वास थांबला. नंतर त्याची अंगणातली रात्रीची गोधडी झटकली, तर खालून मण्यार साप निघाला.

"मॅडम, मण्यारीच्या दातांची खूण दिसत नाही, चावलेलं दुखत नाही. नुसतं पोट दुखतं आणि पापण्या पडतात. तिकडे सकाळी पापण्या पडलेला माणूस आला की आम्हाला फक्त ताडी दिसते." त्यांनी कप तसाच ठेवला होता. "हे दुसऱ्या कुठल्या केंद्रात व्हायला नको. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत. म्हणाले, "सांगा की. पण मग त्या सिस्टरचं काय होईल, विचार केलाय?" आले तशीच परत, कपाळ माझं!

त्यानंतर माझी एकही सकाळ धड गेली नाही. ओपीडीत कुणी पोट धरून आलं की मी आधी त्याच्या पापण्या उचलून बघायची. पेशंट चक्रावायचे. मला वाटत राहायचं, हे कुठेतरी पुन्हा होणार आहे, आणि आम्ही सगळे ते व्हायची वाट बघत बसलोय.

झालं. आमच्याच घरी झालं.

सकाळी दादाचा फोन. आगर गावात आमचं घर आहे. उकाडा आणि त्यात लाईट गेलेली, म्हणून वहिनी खाली चटईवर झोपली होती. उठली ती पोट धरून. दादाने तिला जवळच्या केंद्रात नेलं. "अगं, डॉक्टर म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे. पण ही डोळेच उघडत नाहीये. ते विचारतायत, घरात भांडण झालंय का, नाटक तर नाही ना करत?"

मी गाडीची किल्ली उचलली. "त्यांना फोन दे."

तो पोरगेला डॉक्टर नवीनच लागलेला. मी त्याला कसलीही प्रस्तावना न करता झापलं. "मान उचलायला सांगा तिला!" पलीकडे तो तिला सांगताना ऐकू आला. मग त्याचा बदललेला आवाज, "नाही उचलता येत, मॅडम. पण चावल्याची खूण नाहीये."

"नसतेच! अँटीव्हेनम सुरू करा, श्वासावर लक्ष ठेवा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मी निघाले."

मी पोहोचले तेव्हा त्याने औषध सुरू केलं होतं, पण वहिनीचा श्वास मंदावत चालला होता. वापीच्या हॉस्पिटलपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आणि तो आळीपाळीने श्वास देणारी अंबू बॅग दाबत होतो. पिशवी दाबली की तिची छाती वर, सोडली की खाली. एवढंच तिचं जिवंतपण उरलं होतं. तो मध्येच म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सिस्टर उभ्या राहिल्या त्या मीटिंगमध्ये तो मागच्या रांगेत बसलेला होता.

वहिनी वाचली. व्हेंटिलेटरवरून निघाली, घशातली नळी निघाली, आणि आवाज फुटल्यावर पहिल्यांदा मला म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं."

"काय सगळं?"

"डॉक्टर नाटक म्हणाला ते. हे रडत होते ते. गाडीत तुम्ही ड्रायव्हरला शिव्या देत होता, त्यासुद्धा." ती जरा हसली आणि मग हसायची थांबली. "कुणी पापणी उचलली की वरचं छत दिसायचं. सोडली की अंधार. मी आतल्या आत ओरडत होते, ताई. हात हलत नव्हता."

मी तिचा हात धरून बसले होते, पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मला तो तलासरीचा माणूस दिसत होता.

पुढच्या मीटिंगआधी साहेबांनी मला स्वतःहून फोन केला. 'सक्सेस स्टोरी' म्हणून ही केस घ्या म्हणाले. घेतली. केंद्राचं नाव न घेता सुरुवातच त्या माणसापासून केली. साहेब खाकरले, मी थांबले नाही. ताडीचा वास, पडलेल्या पापण्या, न दिसणारे दात, सगळं सांगितलं. तो नवा डॉक्टर उठून म्हणाला, "मीही चुकत होतो." दुसऱ्या रांगेत सिस्टर ताठ बसून भराभर लिहून घेत होत्या. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

एक मुद्दा उरला होता. तो गाळावा असं फार वाटलं, खोटं कशाला बोलू! पण गाळला असता, तर उद्या कुणीतरी जित्या माणसाच्या उशाशी उभं राहून 'गेला' म्हणालं असतं.

"पेशंट बेशुद्ध दिसतो, पण नसतो," मी म्हणाले. "त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्याशी बोला. धीर द्या."

माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. सिस्टरांचं पेन थांबलं. त्या उठून बाहेर गेल्या.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना शोधलं. मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या. आतून ग्रुप फोटोसाठी हाका येत होत्या. मी शेजारी बसले.

"म्हणजे त्यानेही ऐकलं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

"बरं केलंत सांगितलंत. सांगायलाच हवं होतं." मग म्हणाल्या, "माझं सोडा, मॅडम. पण मी दारू म्हणाले म्हणून त्याची बायको घरापर्यंत त्याला शिव्या घालत गेली. आता हे तिला कोण सांगणार?"