कालचा रिपोर्ट

“भाऊ, पुन्हा लाल फुली. काऊन येते हे रोजच?”

वंदना सिस्टरनी वॉर्डचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मेहकरच्या एका खाजगी हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. डॉक्टरसाहेब राऊंडला निघाले होते आणि लॅबचे रिपोर्ट उघडत नव्हते.

लॅबच्या कॉम्प्युटरवर एक शेअर फोल्डर आहे. लॅबवाला त्यात रिपोर्ट टाकतो, ते वॉर्डातल्या लॅपटॉपवर दिसतात. झाकण लावलं की लॅपटॉप स्लीपमध्ये, म्हणजे झोपेत जातो. उघडल्यावर वायफाय जोडायला वेळ लागतो आणि तोवर फोल्डरवर लाल फुली दिसते. लॅपटॉप जुना, चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. म्हणून ‘बंद करू नका, नुसतं झाकण लावा’ असं मीच सांगितलं होतं.

“वानखडे, कारणं नकोत,” साहेब म्हणाले. “फोल्डर उघडला पाहिजे.”

वायफायचा बंदोबस्त करायला अर्धा दिवस लागला असता. मी दोन मिनिटांत ‘ऑफलाइन फाइल्स’ ही सेटिंग चालू केली. त्यामुळे लॅपटॉप फोल्डरची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि नेटवर्क नसलं की गुपचूप तीच दाखवतो. फुली गेली. महिनाभर मला फोन आला नाही.

लॅबवाल्याची एक पद्धत मला माहीत होती. तो रोज नवी फाइल करत नसे. पेशंटच्या नावाची एकच फाइल, त्यातच आजचे आकडे टाकायचा. म्हणजे जुनी प्रत आणि नवी फाइल, दोन्हींचं नाव एकच. मी त्याला टोकलं नाही.

डोणगावची एक बाई डेंग्यूने ॲडमिट होती. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, रोज मोजत होते. एका सकाळी प्लेटलेट फार उतरल्या होत्या आणि लॅबने तसा रिपोर्ट टाकलाही होता. सिस्टरनी झाकण उघडून फाइल साहेबांपुढे धरली. ती कालची होती. कोपऱ्यातली तारीख कोणी पाहिली नाही. आकडे बरे दिसले. साहेबांनी बाईला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला परत आणलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. अकोल्याला नेताना ती वाटेत गेली.

साहेबांनी मला आणि सिस्टरना केबिनमध्ये बोलावलं. “चूक कुठे झाली?”

मला माहीत होतं. मी म्हणालो, “सर, झाकण उघडल्यावर थोडं थांबायला पाहिजे होतं.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “थांबायचं असते, हे तुम्ही कधी सांगितलं भाऊ?”

त्याच आठवड्यात सिस्टरना कामावरून काढलं.

दहा दिवसांनी मी साहेबांना ती सेटिंग दाखवली आणि सगळं कबूल केलं. मग त्यांनी सिस्टरना परत यायला सांगितलं. त्या आल्या नाहीत. मी फोन केला तर एवढंच विचारलं, “त्या बाईच्या माणसाले सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. रविवारी डोणगावला गेलो. नवऱ्याने ओसरीत बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“मशीनले काय समजते,” तो म्हणाला. “तुम्हाले त समजत होतं.”

आता त्या लॅपटॉपवर ऑफलाइन फाइल्स बंद आहेत आणि फाइलच्या नावातच तारीख-वेळ असते. तक्रारी पूर्वीपेक्षा जास्त येतात. त्या आल्या की मी जातो. एखाद्या वॉर्डातून बरेच दिवस फोन आला नाही, तर तिथे आधी जातो.