रिलेच्या रेषेवरचा पिवळा झेंडा

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीही ऐकलेली नाही. बायकोने नाही, मुलीने तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी न्युरेम्बर्गमध्ये एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. सुटे भाग मोजायचे, मापात न बसणारा बाजूला काढायचा. पुण्यातही हेच करत होतो. मुद्दाम सांगतोय — म्हणजे पुढे मला दिसलंच नसेल, असं तुम्ही माझ्या वतीने समजू नये.

सानिका, माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची होती. मार्च सरला की तिच्या शाळेच्या मैदानावर धावण्याचे, उड्यांचे, फेकीचे संघ सरावाला उतरत. मंगळवार आणि गुरुवार. मे महिन्यात आसपासच्या शाळांची स्पर्धा, आणि प्रत्येक प्रकारातले पहिले दोन संघ पुढच्या फेरीत. सानिका मुलींच्या रिलेत तिसरी धावायची. तिच्याहून जास्त आनंद मला झाला होता. रविवारी मी तिला बागेत पळवायचो, हातात स्टॉपवॉच, खिशात वही. ती सांगेन तितकं पळायची. मी काही विचारायचो नाही.

एप्रिलच्या शेवटी यादी लागली. तिसरी — काट्रिन. सानिका राखीव.

सानिका म्हणाली, "फ्राऊ होल्त्सने ठरवलंय. एगाल, बाबा." म्हणजे, काही फरक पडत नाही. आणि खोलीत निघून गेली.

मला मात्र फरक पडत होता. काट्रिन लांब उडीवाली मुलगी, तिला मध्येच रिलेत का घ्यावं? तिची आई पालक समितीत होती, हे मला ठाऊक होतं. फ्राऊ होल्त्स, त्यांच्या खेळाच्या बाई, त्या आईशी फाटकापाशी हसून बोलताना मी पाहिलं होतं. दोनदा. माझ्याशी बोलताना त्यांची नजर बाजूला वळायची — की मलाच तसं वाटायचं? कॅन्टीनमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रमोदला सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, आपली पोरं फोटोत पुढे आणि यादीत मागे. तुला आज कळलं का?" तो हे हसत म्हणाला होता. मी हसलो नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. गुरुवारी कामावरून लवकर निघून मैदानाच्या जाळीबाहेर गाडीत बसायचो. कोण कुणाशी बोलतं, बाई कुणाच्या पाठीवर हात ठेवतात, सानिकाला किती वेळा पळायला सांगतात. जे दिसायचं ते सगळं माझ्या संशयाच्या बाजूनेच दिसायचं. सानिका काट्रिनशी हसून बोलत होती, तेही. वाटायचं, पोरगी बिचारी अपमान गिळतेय.

बायको एकदा म्हणाली, "अहो, गाडीत बसून काय कळणार? तिलाच सरळ विचारा ना." मी म्हटलं, ती सांगणार नाही. खरं असं होतं की मला विचारायचंच नव्हतं. मला उत्तर आधीच मिळालं होतं ना?

स्पर्धेसाठी प्रत्येक शाळेने दोन पालक मदतीला द्यायचे, अशी तिथली पद्धत. कुणी वेळ घेतो, कुणी वाळू सपाट करतो. मी आपणहून नाव दिलं. कशासाठी? तेव्हा स्वतःला सांगितलं, जवळून बघता येईल म्हणून. सकाळी टोपी घातलेल्या वयस्क मुख्य पंचांनी कामं वाटली आणि माझ्या हातात पिवळा झेंडा दिला — दुसऱ्या आणि तिसऱ्या धावपटूमध्ये बॅटन बदलतं त्या जागी उभं राहायचं. तिथे आमच्याच शाळेचा संघही धावणार होता, याचं कुणाला काही वाटलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्या मैदानात कुणाच्या मनातही आलं नाही. संशय घेणारा तिथे मी एकटाच होतो.

नियम मी आदल्या दिवशी दोनदा वाचला होता. ट्रॅकवर वीस मीटरचा पट्टा आखलेला असतो. बॅटन त्या पट्ट्याच्या आत एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलं पाहिजे. बाहेर गेलं तर पंचाने झेंडा वर करायचा, आणि संघ बाद. महत्त्वाचं बॅटन. पाय कुठे आहे ते बघायचंच नाही. नवखे पालक इथेच चुकतात, असं त्या कागदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आता सांगतो.

काट्रिन जरा लवकर निघाली. तिचं पाऊल पट्ट्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पडलं. पण तिचा हात मागे लांबवलेला होता, आणि बॅटन त्या हातात पडलं तेव्हा रेषेच्या आत होतं. वीतभर आत. मी दोन पावलांवर उभा होतो, ऊन माझ्या पाठीमागे होतं. मी आयुष्यभर मिलिमीटर मोजतोय — वीत मला दिसणार नाही?

आमचा संघ दुसरा आला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि मी झेंडा वर केला.

मुख्य पंच चालत आले. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, पाय की बॅटन?

इथे परत फिरता आलं असतं. पाय, असं म्हणायचं, ते हसले असते, झेंडा खाली. चूक झाली म्हणून सगळं तिथेच मिटलं असतं. मी म्हणालो, "बॅटन."

"नक्की?"

"या. गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी नक्की.

मग त्यांनी विचारलं, माझी शाळा कोणती. मी सांगितली. त्यांनी टोपी थोडी वर सरकवली आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. स्वतःच्या शाळेवर झेंडा उचलणारा माणूस — त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? दुसरी धावलेली मुलगी रडत सांगत होती, मी बघत होते, आम्ही आत होतो. तिचं कुणी ऐकलं नाही. काट्रिनला तर काही सांगता येण्यासारखं नव्हतंच. बॅटन घेणारी समोर बघून धावते, मागे नाही.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. स्वतःहून. डोळे सुजलेले. म्हणाली, तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, मीच लवकर निघाले. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." एका पंधरा वर्षांच्या मुलीला मी तिने न केलेल्या चुकीबद्दल माफ केलं.

घरी येताना सानिका गाडीत मागे बसली. पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत. मला वाटलं — तिला कळलंय का? आरशातून मी तिचा चेहरा पुन्हा पुन्हा बघत होतो.

आठवड्याने बायकोने कपडे वाळत घालता घालता सांगितलं. सानिकाने तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. फ्राऊ होल्त्सने तिला काढलंच नव्हतं. तीच त्यांच्याकडे जाऊन म्हणाली होती — रविवारचं स्टॉपवॉच आणि ती वही बघितली की मला भीती वाटते, मला धावायचं नाही, पण घरी कळू देऊ नका. बाईंनी शब्द पाळला. म्हणूनच माझ्याशी बोलताना त्यांची नजर बाजूला जात असणार. आणि काट्रिनला रिलेत यायचं नव्हतं. उडीचा सराव बुडतो म्हणून ती आधी नाही म्हणाली होती. सानिकाने हात जोडून विनवलं, म्हणून ती धावली.

"तुमच्याच भीतीने हो," बायको म्हणाली. "आणि त्या पोरीला बघा, नसता ताप झाला." मी एक ओला शर्ट झटकून दोरीवर टाकला. सांगायला ती वेळ बरी होती. शाळेत फोन करता आला असता, पुढची फेरी अजून व्हायची होती. मी केला नाही. का? भीती होती, दुसरं काही नाही. लोक मला तेव्हा रस्त्यात थांबवून नमस्कार करत होते.

पुढच्या वसंतात काट्रिनचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. उडीच्याही नाही.

सानिका आणि ती अजून मैत्रिणी आहेत. दोघी आता गार्चिंगच्या विद्यापीठात शिकतात. या ईस्टरच्या सुट्टीत सानिका तिला आमच्याकडे जेवायला घेऊन आली. पाच वर्षं झाली, तरी दारात तिला बघून माझ्या मनात पहिलं काय आलं? ही का आली असेल? हिला कुणी काही सांगितलं असेल का? ती वरणभात चमच्याने खात होती, छान आहे म्हणत होती, आणि मी तिच्या प्रत्येक वाक्यात काही दडलंय का ते शोधत होतो.

दडलेलं काहीच नव्हतं. विषय गाडी चालवण्याच्या परीक्षेचा निघाला. काट्रिन म्हणाली, ती पहिल्यांदा नापास झाली. आउटोबानवर, म्हणजे महामार्गावर, शिरताना पुरेशी जागा होती, परीक्षक जा म्हणत होता, आणि ती थांबूनच राहिली. "तेव्हापासून मी अशीच आहे," ती हसत म्हणाली. "रिलेपासून. मी कधीच लवकर निघत नाही. एका अर्थी बरंच झालं, आल्झो, म्हणजे, शिकले काहीतरी." सानिकाने तिला कोपराने डिवचलं. बायको माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "यांनीच झेंडा दाखवला होता ना. स्वतःच्या शाळेला."

काट्रिनने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर होता, आणि तो खरा होता. त्याबद्दल मला शंका घेता आली नाही.

मी तिला विचारलं, आणखी भात हवा का. ती हो म्हणाली. मी वाढला.