दुसरा ठिपका

"घाई करू सर, पण गडबड नाय करायची," असं म्हणत ती चष्मा डोक्यावर सरकवायची आणि नाक पडद्याला लागेल इतकी पुढे वाकायची. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. ते नेहमी बरोबर असतं आणि म्हणूनच नकोसं होतं.

चिकलठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदराला किरणोत्सारी द्रव टोचून कॅमेऱ्यात ठेवत. द्रव अंगात कुठे साचला, याचं चित्र संगणक त्या किरणांवरून रचायचा. तो प्रोग्राम माझा. एका उंदराला अख्खा दिवस लागायचा. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

ती दौलताबादकडची, माझ्या हाताखाली नव्यानं लागलेली. आल्या आल्या तिनं एक किरणोत्सारी थेंब कॅमेऱ्यापुढे केसाकेसानं सरकवला. कॅमेरा कुठे किती पुसट बघतो ते मोजलं आणि तो दोष गणितातच धरला. चहा उकळेपर्यंत चित्र तयार, वर माझ्यापेक्षा स्वच्छ.

"इतक्या लवकर? काहीतरी गाळलंयस."

"गाळलं नाय सर. तुमचा प्रोग्राम तेच गणित सारखं सारखं करतो. मी एकदाच करून ठिवलं."

लई झोंबलं मला ते.

त्या वर्षी पाऊस नव्हता. जालना रोडला इमारती मात्र उगवतच होत्या. टँकर आधी तिकडे जायचे. एकदा आमचा आलाच नाही आणि उंदरांच्या बाटल्या कोरड्या राहिल्या. तहानलेल्या उंदराला लघवी कमी होते. टोचलेला द्रव मूत्राशयात तुंबतो आणि चित्रात तिथे भगभगीत गोळा दिसतो.

नेमके तेव्हाच औषध कंपनीचे लोक आले. त्यांच्या औषधानं उंदराची कर्करोगाची गाठ गेली का, एवढंच त्यांना हवं होतं. गाठ उरली असेल, तर द्रव तिथेही साचून ठिपका दिसतो. माझ्या चित्रात एकच गोळा होता. तिच्या चित्रात त्याला चिकटून दुसरा ठिपका.

"गाठ हाय अजून," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मूत्राशयाच्या उजेडात झाकलीय. पाणी पाजून उद्या परत बघू."

"मॅडम," मी म्हणालो, "चष्मा डोळ्यांवर लावतात."

सगळे हसले. साहेब लोक तर जास्तच. तिनं चष्मा खाली ओढला, "व्हय सर" म्हणाली आणि बसली.

मला ठिपका दिसला होता. हे मी घरीही कधी बोललो नाही. तिचं मान्य केलं असतं, तर त्या प्रोग्राममध्ये घातलेली माझी उमेदीची वर्षं पाण्यात गेली असती. मी ती वाचवली. गाठ गेली, असं कंपनीला माझ्या सहीनं कळवलं.

थोड्याच दिवसांत तिनं नोकरी सोडली. निरोपाला समोसे मागवायचं कोणीतरी काढलं. काम पडलंय, म्हणून मीच टाळलं.

त्यानंतर तो उंदीर मेला. मी स्वतः उघडून पाहिला. मूत्राशयाला खेटून गाठ होती, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी.

शेजारी उभा असलेला सहकारी पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "सर, मॅडमना फोन लावू?"

मी हातमोजे काढले.

"नको," म्हटलं. "तिला माहितेय."